पेर्झेल, पोर्झोल

मांत्सीला मारायला घरात पुरुष नव्हता, म्हणून आम्ही दोघी सासूसुनांनीच तिला मारलं.

मांत्सी आमची डुकरीण. कुरळ्या सोनेरी केसांची, आम्हा दोघींच्या वजनाहून भारी, आणि कान खाजवला की मान वाकडी करून डोळे मिटणारी. माझा नवरा बालिंत सैन्यात होता. सैन्य नावालाच. बंदुकीऐवजी हातात फावडं देऊन त्याला कोळशाच्या खाणीत उतरवलं होतं, कारण त्याच्या बापाकडे एके काळी थोडी जास्त जमीन होती आणि नव्या राज्यात तेवढ्यावर अख्खं घर ‘कुलाक’, म्हणजे जनतेचं शत्रू, ठरत होतं. सासरे झुरून गेले. जानेवारीत सरकारी माणसांनी गाय नेली. उरलो सासूबाई, मी आणि माझा चार महिन्यांचा आंब्रुश. तो छातीशी लागायचा, ओढायचा, सोडायचा आणि रडायचा, कारण दूध आटत चाललं होतं. घरात बीट होतं आणि मक्याचं पीठ होतं. नुसत्या बिटावर दूध येत नाही.

कुलाकाला डुक्कर मारायचा परवाना मिळत नसे. बिनपरवाना मारलं तर तुरुंग. आणि सोमवारी मांत्सीलाही न्यायला येणार, असं गावच्या दवंडीवाल्याने आमच्या फाटकाशी उभं राहून, ढोल वाजवून सांगितलं होतं.

“सोमवारी कोण बघतंय?” सासूबाई म्हणाल्या आणि सुरी धारेला लावली.

शनिवार होता. फेब्रुवारीत आमचं गाव तिसा नदीच्या काठचा वाळका बोरू जाळतं, तो दिवस. सगळं आभाळ धुराने राखाडी. मांत्सीचं ओरडणं बुडावं म्हणून आम्ही चर्चच्या दुपारच्या घंटेची वाट पाहत गोठ्यात बसलो. घंटेचा पहिला टोला पडला तशी मी बालिंतचा कमरपट्टा मांत्सीच्या जबड्याभोवती आवळला. सासूबाईंनी गुडघा तिच्या मानेवर रोवला आणि सुरी घातली.

सुरी चुकली. बाईच्या हाताने डुक्कर मारायचं नसतं आमच्याकडे, त्यामुळे नस कुठे असते ते त्यांनी चाळीस वर्षं लांबूनच पाहिलेलं. मांत्सी उठली. पट्ट्यातून घुसमटलेला जो आवाज आला, तो मी नंतर माणसांच्या तोंडूनही ऐकला, पण पहिल्यांदा तिथे. तिने मला भिंतीवर आपटलं, मी तिच्या पाठीवर पडले, रक्त माझ्या डोळ्यांत गेलं.

“धर, पलीकडचे!” सासूबाई दात आवळून म्हणाल्या. “मिठी मार! नवऱ्याला मारतेस तशी मार!”

“तुमचा मुलगा एवढी धडपड करत नाही, आई!”

त्या तशातही हसल्या. हसता हसता दुसऱ्यांदा सुरी घातली, मनगटापर्यंत. मग मांत्सी माझ्या मिठीत हळूहळू जड होत गेली. घंटा थांबली तेव्हा परातीत रक्त फेसाळत होतं आणि आम्ही दोघी तिच्यावर आडव्या पडून धापा टाकत होतो. सासूबाईंनी रक्तात अंगठा बुडवला, आत जाऊन झोपलेल्या आंब्रुशच्या दोन्ही गालांना लावला. गाल लाल राहावेत म्हणून. मग माझ्या गालालाही लावला, जोरात, चापट मारल्यासारखा.

पलीकडची हे माझं त्या घरातलं नाव. मी कोरोश नदीच्या पलीकडून, सिकपार्तहून आलेली. तिथे मला एर्झे म्हणत. इकडे तिसाकाठी लोकांचे ओठ वेगळे. गरम रश्शावर फुंकर घालताना होतात तसे ओठ गोल करून बोलतात ही माणसं. त्या ओठांतून आले तशी मी ओर्झे झाले. हाक आली की ओ द्यायचे, पण माझी जीभ काही बदलली नाही. सहा वर्षं मी माझ्या आईचाच ‘ए’ बोलत राहिले. हट्टच म्हणा. लग्नात आणलेली चादर फाटली, ट्रंक मोडली, आईकडचं उरलं होतं ते एवढंच.

चोरून डुक्कर मारणारे लोक त्या दिवसांत गोठ्यातच कातडं सोलून काढत. धूर चुगली करतो. पण सासूबाईंना ते मान्य नव्हतं. “सोलायला ती मेंढी आहे का?” म्हणाल्या. खरं म्हणजे आम्हाला दोघींना सोलता येतच नव्हतं. बाहेर सगळा काठ जळत होता, त्यात आमचा एक धूर कोण मोजतंय? आम्ही मांत्सीला गोठ्यामागे ओढत नेलं, अंगावर बोरूच्या पेंढ्या रचल्या आणि काडी लावली. केस तडतडले. जळक्या केसांचा तो वास भुकेल्या पोटाला गुलाबासारखा लागतो. सासूबाई काठीने पेंढ्या सरकवत, ओठांतल्या ओठांत गुणगुणत होत्या. हे गाणं पुरुष म्हणतात, पालिंका दारूचा घोट घेऊन, मोठ्याने. त्यांनी ते पाळण्याच्या सुरात म्हटलं.

पेट रे बोरू, पेट हळू हळू,
सोन्याचे केस जाळ, कातडी नको पोळू.

“ही बाजू झाली पेर्झेलून,” मी म्हटलं.

“काय झालं?” त्या ताठ झाल्या. “पेर्झेल? पे-ए-र्झे-ए-ल? बकरी शिरली वाटतं अंगणात.” आणि माझ्या तोंडासारखं तोंड करून, ओठ रुंद ताणून, हुबेहूब माझ्या आवाजात चार वेळा म्हणाल्या. “पोर्झोल म्हण, पोर्झोल. माणसासारखं.”

“शब्दाने काय फरक पडतो? केस जळाले ना?”

“जळाले. पण बकरीने जाळल्यासारखे जळाले.”

त्या रात्री कांद्यावर परतलेलं रक्त खाल्लं आम्ही, आणि कानाचा भाजका तुकडा. तिसऱ्या दिवशी माझी चोळी ओली झाली. आंब्रुश प्याला आणि न रडता झोपला. सोमवारी माणसं आली तेव्हा सासूबाईंनी डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावून सांगितलं, की डुकरीण रोगाने मेली, पुरली, हवी तर उकरा. रोगाचं नाव ऐकून ते फाटकातूनच परतले. एकाने जाता जाता त्यांच्या तोंडात मारली, उगाच, रिकाम्या हाताने परत जायचं नाही म्हणून.

पुढच्या आठवड्यात शब्दवाला आला.

सेगेदच्या विद्यापीठातला कोर्नेल नावाचा हडकुळा मुलगा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. सायकलवरून गावोगाव हिंडत होता. कुठल्या गावात कुठला शब्द कसा म्हणतात ते टिपून त्यांना एक मोठा नकाशा करायचा होता. बायकांना आधी तो फेरीवाला वाटला.

“काय विकतोस?” मी फाटकातून विचारलं.

“विकत नाही, घेतो. शब्द घेतो.”

“जुने चालतील?”

“जुने असतील तर फारच छान.”

“मग माझ्या सासूबाईंना ने.”

“हो, ने की,” आतून आवाज आला. “पण हिच्याकडून घेऊ नको हो काही, हिचा माल पलीकडचा, नासका!”

तो बाकावर बसला आणि वही उघडली. शेकडो प्रश्न होते त्याचे. नांगराच्या या भागाला काय म्हणता, गायीला कशी हाक मारता, भाकरीच्या कडेला काय. सासूबाई खिडकीतून उत्तरं देत होत्या, फुशारकीने, जणू जगात ही भाषा त्यांच्याच स्वयंपाकघरात शिजली. मग त्याने विचारलं, “डुक्कर मारल्यावर त्याचे केस आगीवर जाळतात. त्याला?”

“पोर्झोल,” सासूबाई म्हणाल्या. “लिही. मोठ्या अक्षरात लिही.” एवढ्यात आंब्रुश रडला आणि त्या आत गेल्या.

कोर्नेल माझ्याकडे वळला. “आणि तुम्ही?”

सहा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. ‘आणि तुम्ही?’ मी इकडेतिकडे पाहिलं आणि लाजतच म्हटलं, “पेर्झेल.”

तो हसला नाही. डोळे मिटून ऐकलं त्याने, गाणं ऐकावं तसं. “पुन्हा म्हणा,” म्हणाला. मी पुन्हा म्हटलं. वहीत त्याने आमच्या अक्षरांवर बारीक टिंबं, चंद्रकोरी, शेपट्या काढल्या. म्हणाला, “हा शब्द आपण कुणाकडून उसना घेतलेला नाही, बाई. तुर्कांकडून नाही, जर्मनांकडून नाही, स्लावांकडून नाही. आगीत केस जळताना जो आवाज होतो ना, पेर-पेर, पोर-पोर, त्यातून तो जन्मला. धान्य सांडतं तो शब्द, मांस भाजतात तो शब्द, ही सगळी त्याची भावंडं. कुणाच्या कानाला ती तडतड ‘ए’ ऐकू आली, कुणाच्या कानाला ‘ओ’. आग एकच.”

“मग माझा चुकीचा नाही?”

“चुकीचा? तुमचा आणि त्यांचा जुळी आहेत.”

मला त्याच्या हाताचा मुका घ्यावासा वाटला. दुसऱ्या कुणाच्या तोंडून आईचं नाव आदराने ऐकावं तसं झालं मला.

“एक वाक्य द्या त्यात घालून,” तो म्हणाला. “पण खरं द्या. बनवलेल्या वाक्यात सूर खोटा लागतो.”

आणि मी दिलं. देवा, किती सहज दिलं. “मागल्या शनिवारी गोठ्यामागे बोरू पेटवून आम्ही डुकरीण पेर्झेलली.”

त्याची पेन्सिल थांबली. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फेब्रुवारी महिना, कुलाकाचं घर, फाटकावर सरकारने लावलेली ‘कुलाक’ अशी पाटी. त्याला सगळं कळलं. मलाही कळलं, पण तोवर वाक्य हवेत होतं. “नावं लिहीत नाही मी,” तो हळूच म्हणाला, “फक्त आकडे.” त्याने ते खोडायला हवं होतं. पण कानाला लागलेलं त्याला टाकवत नसावं. त्याने लिहिलं.

आमचं गाव दक्षिणेच्या सीमेपासून चालत अर्ध्या तासावर. सीमेपलीकडच्या राज्याशी तेव्हा उभं वैर होतं. तारांची कुंपणं, जमिनीत सुरुंग, झाडाझाडामागे शिपाई. नदी ओलांडायच्या तराफ्यावर कोर्नेलची झडती झाली आणि वही सापडली. टिंबं, चंद्रकोरी, शेपट्या. कुणालाही वाटेल तेच त्यांना वाटलं, की ही शत्रूची गुप्त लिपी आहे.

चार दिवस त्याला कचेरीच्या तळघरात ठेवलं. बाजारात जाताना तिथून आवाज यायचा. बायका त्या कोपऱ्यावरून पावलं भरभर टाकायच्या. पाचव्या दिवशी ढोल वाजला, ‘ज्या नऊ घरांत शब्दवाला बसला, त्या घरांतल्या बायकांनी दहा वाजता कचेरीत यावं.’

सासूबाईंनी चूल विझवली, डोक्याला काळा रुमाल बांधला. “तू काय सांगितलंस त्याला?” मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, याची मला जास्त भीती वाटली. नुसतं म्हणाल्या, “आंब्रुशला पोटभर पाज आणि शेजारणीकडे ठेव.”

कचेरीच्या मोठ्या खोलीत आम्हाला भिंतीला लावून उभं केलं. टेबलाशी गुप्त पोलिसांचा निळ्या पट्टीचा कप्तान बसला होता, तरुण, गोरा, सुरीने सफरचंद सोलत. खुर्चीत कोर्नेल होता. चष्मा नव्हता. एक डोळा पूर्ण मिटलेला, आणि उजव्या हाताची बोटं, ज्या हाताने लिहिलं त्याच हाताची, कुणीतरी टाचेखाली घेतलेली. ती मांडीवर तशीच पडली होती, तुटलेल्या गाजरांसारखी.

“घाबरू नका, मावश्यांनो,” कप्तान म्हणाला. आवाज मऊ. “मला वाटलं होतं, मोठा गुप्तहेर सापडला. निघालं डुक्कर! पण डुक्कर तर डुक्कर. या पोराने मला सगळी चिन्हं शिकवली. हो की नाही रे? सहज नाही शिकवली, पण शिकवली. आता मला वाचता येतं.” त्याने वही उचलली. “तुमच्यातल्या एकीने बिनपरवाना डुक्कर मारलं आणि त्याची कबुली इथे दिली आहे. नाव नाही. पण शब्द आहे. तुम्ही सगळ्या म्हणता पोर्झोल. ही बाई म्हणाली पेर्झेल. तर आता एकेकीने तो शब्द म्हणायचा. शाळेत म्हणतो तसा.”

पहिली म्हणाली. पोर्झोल. दुसरी म्हणाली. तिसरी भीतीने अडखळली, तर शिपायाने बंदुकीचा दस्ता तिच्या पोटात घातला. ती वाकली आणि वाकूनच म्हणाली, पोर्झोल. चौथीला म्हातारपणामुळे ऐकू येत नव्हतं. तिला काय विचारलं ते कळेपर्यंत तिच्या कपाळातून रक्त वाहत होतं.

त्या खोलीतल्या सगळ्या बायकांना माझा ‘ए’ माहीत होता. सहा वर्षं विहिरीवर त्या त्याला हसल्या होत्या. एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांची नजर आपापल्या पायांवर.

मी ओठ गोल करून बघत होते, तोंडातल्या तोंडात. जमत नव्हतं. भीतीने तोंड कोरडं पडलं की जीभ आईकडे जाते. गोल करायला जावं आणि ओठ थरथरून रुंद होत. म्हटलं, मी गेले. मी गेले तर आंब्रुश आठवडाभरही जगायचा नाही. गावात कुणाकडे गाय नव्हती आणि दुसरी कुणी पाजणारी नव्हती. तेवढ्यात त्याची आठवण होऊन माझा पान्हा फुटला. चोळीवर दोन ओले डाग पसरले, तिथे, त्या खोलीत.

“शेवटचं कधी पाजलंस?” सासूबाई समोर बघतच पुटपुटल्या.

“निघताना.”

“दोन्ही बाजूंनी?”

“दोन्ही.”

“बरं.”

त्या खाली वाकल्या. मला वाटलं, चक्कर आली. त्यांनी पायातला लाकडी तळाचा जोडा काढला आणि सरळ होता होता पूर्ण ताकदीने माझ्या तोंडावर मारला.

हाड वाजलं. मी भिंतीवर आपटून खाली बसले. तोंडात काहीतरी कडक फिरत होतं, थुंकले तर दात. दोन. दुसरा फटका ओठांवर आला, तिसराही. मग शिपायांनी त्यांना मागे ओढलं, पण त्या ओढल्या जात असताना लाथा झाडत होत्या.

“शिंदळ! तोंड उघडत होती! माझी चुगली करायला तोंड उघडत होती, बघितलं ना सगळ्यांनी? माझ्या घरचं खाऊन!”

कप्तानाने सफरचंद खाली ठेवलं. “कसली चुगली, मावशी?”

“डुक्कर माझं होतं. मी मारलं. मी पेर्झेललं.”

तो ‘ए’! माझाच. माझ्या आईचा. कोरोशच्या पलीकडचा, उघडा, रुंद ‘ए’.

“पुन्हा,” कप्तान म्हणाला.

“पेर्झेल. पेर्झेल. अजून किती वेळा? बहिरा आहेस का?”

त्याने उठून त्यांच्या पाठीवर पट्टा ओढला, रागाने नाही, काम म्हणून. “तू इथलीच ना? मग हा असा कसा बोलतेस?”

“या पलीकडचीबरोबर सहा वर्षं एका चुलीवर काढली, साहेब. जीभ बाटली.”

एक शिपाई फिसकन हसला. कप्तान माझ्याकडे आला, केस धरून माझं तोंड वर केलं. “आणि तू? म्हण.”

मी म्हणायला गेले. ओठ होते कुठे? फाटलेलं, सुजलेलं मांस. प… प… एवढंच आलं आणि त्याच्या बुटांवर रक्त सांडलं. त्याने तोंड वाकडं करून हात सोडला. “हिनेही खाल्लं असेल?”

“हिने?” सासूबाई थुंकल्या. “माझं डुक्कर हिला? वासही दिला नाही मी!”

मग कप्तान कोर्नेलच्या खुर्चीशी गेला. “कान तुझे आहेत, मास्तर. हीच का?”

कोर्नेलने उघडा डोळा आधी सासूबाईंवर ठेवला. मग माझ्यावर. माझ्या तोंडावर नाही, चोळीवर. तिथल्या ओल्या डागांवर. ज्या मुलाने चार दिवस मार खाऊन एकही नाव दिलं नव्हतं, आणि स्वराच्या बाबतीत जो स्वतःच्या बापाशीही खोटं बोलला नसता, तो म्हणाला, “हीच. आवाज हाच.”

त्याला ऐकू आलं असणार. नक्कल मुळापेक्षा थोडी जास्त चांगली असते.

त्याच दुपारी दोघांना घेऊन जायचं होतं. तराफ्यापर्यंत गाडीत, पुढे नदी ओलांडून सेगेदला. मी शेजारणीकडून आंब्रुशला उचललं आणि गाडीमागे चालू लागले. काय करणार होते मला माहीत नव्हतं. बहुतेक सगळं सांगून टाकणार होते. तोंड फाटलं होतं, पण हातवारे करता आले असते. सासूबाईंनी गाडीतून मला पाहिलं, माझ्या चेहऱ्यावरचं ते पाहिलं, आणि उठून उभ्या राहिल्या. बांधलेल्या हातांनी.

तुझ्या चुलीत उगवो गवत, विहिरीत साचो राख,
दारी तुझ्या उभं राहून कुत्रंही फिरवो नाक!

अख्ख्या रस्त्यावर माणसं थांबली. आमच्याकडे बायका भांडतात त्या अशाच, जोडून, सुरात. पण असं कुणी ऐकलं नव्हतं. गाडी चालत होती आणि त्या एकामागून एक शिव्या गुंफत होत्या. माझ्या पलंगाला, माझ्या भाकरीला, माझ्या माहेरच्या सात पिढ्यांना. शिपाई मांड्या थोपटून हसत होते. कप्तान पुढे बसला होता, वही मांडीवर, अर्धा मागे वळून ऐकत. तो हसत नव्हता. तो ऐकत होता. त्याच्या तोंडावर मला ते दिसलं. त्याला काहीतरी खटकत होतं. सासू एवढा वेळ ओरडते आहे, इथल्याच गोल ओठांनी, एकही ‘ए’ नाही. आणि सून गप्प आहे.

तराफा सुटला. मधे चार हात पाणी, मग दहा हात. सासूबाई काठाकडे तोंड करून उभ्याच. त्यांचा आवाज बसत चालला होता. त्या ओरडायच्या आणि थांबायच्या. थांबून माझ्याकडे बघायच्या. पुन्हा ओरडायच्या आणि थांबायच्या. आणि मग मला कळलं त्या कशासाठी थांबताहेत. भांडण एकटीने होत नाही.

मी आंब्रुशला खांद्यावर टाकलं आणि ओठ गोल केले. सहा वर्षं जे केलं नाही ते. जखमा उसवल्या, हनुवटीवरून गरम ओघळ आला. गोल केले, अजून गोल, गरम रश्शावर फुंकर घालावी तसे, आणि जिला जन्मात ‘तुम्ही’शिवाय हाक मारली नव्हती तिला म्हटलं,

तुझी वाट खड्ड्यात जावो, थडीला न लागो नाव,
तू परतशील त्या दिशी तुला ओळखो ना गाव!

एकही ‘ए’ निसटला नाही. पाण्यावरून आवाज नीट जातो. कप्तानाने क्षणभर कान दिला, मग हात झटकला, शिपायाला काहीतरी म्हणाला, आणि वही मिटली. सासूबाई तराफ्याच्या फळीवर बसल्या. कोर्नेलच्या शेजारी. त्यांनी डोकं मागे टेकवलं, दिवसभराचं काम संपल्यावर बाई टेकवते तसं.

मी काठावरच बसून आंब्रुशला पाजलं. माझ्या हनुवटीवरचं रक्त त्याच्या गालांवर ठिबकत होतं आणि तो पीत होता.

चौदा महिन्यांनी त्या आल्या. कोर्नेलचं काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं. ईस्टरपर्यंत पलीकडच्या कोठडीत खोकताना ऐकू यायचा, म्हणाल्या, मग नाही. तुरुंगात त्यांचा जबडा मोडला होता आणि तो वाकडाच जुळला होता. केस पांढरे, पाठीला पोक. तराफ्यावरून उतरल्या तेव्हा तराफेवाल्याने कुठल्या गावच्या म्हणून विचारलं. विहिरीवरच्या बायकांनी भिकारीण समजून वाट दिली. आमच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या, तर मी हातात भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर गेले, वाटसरूला द्यायला.

त्यांनी तुकडा घेतला. माझ्या तोंडातल्या फटीकडे पाहिलं. अंगणात एक मूल मातीत लोळत होतं, लाल गालांचं, त्याच्याकडे पाहिलं. मग वाकड्या जबड्यातून, एकेक शब्द ढकलत म्हणाल्या,

“शिवी चांगली लागली गं तुझी.”